आठ ठिपक्यांचं अंतर

माझं नाव सेंगा. आत्या आग्नेस;
तिच्या नावाची इंग्रजी अक्षरं शेवटाकडून वाचली
आणि चर्चच्या वहीत मला चिकटवली.
म्हणून अडुसष्टाव्या वर्षी
पहिला प्रोग्रॅम लिहिला तो हाच:
माझं नाव, पाचापासून एकापर्यंत, पायरी उणे एक.
पडद्यावर आत्या उमटली.
स्वयंपाकघरात एकटीच हसले.

मशीन डंडीचंच. टे नदीच्या या काठावर
घड्याळांच्या कारखान्यात
आम्ही बायकांनी जोडलेलं.
रबरी चाळीस बटणं, पोटात अठ्ठेचाळीस के,
आज एक धड फोटो मावणार नाही एवढी जागा.
ते करतं काय, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.
पाटी सरकत यायची, सोल्डरचा थेंब द्यायचा, पुढे ढकलायची.
शिंपिणीने सदरा शिवावा
आणि तो कुणाच्या अंगात गेला ते ठाऊक नसावं, तसं.

नातू लॅक्लन म्हणतो, आजी, हे सगळं फोनवर चालतं.
चालत असेल.
फोन तापल्यावर असा वास येतो का?

गुरुवारी लायब्ररीच्या वरच्या खोलीत आम्ही सहा जण जमतो.
डुगाल्ड, जन्मभर टपाल वाटलेला,
मशीन कोडमध्ये तीन बाइट वाचले
म्हणून परवा सगळ्यांना शॉर्टब्रेड वाटत होता.
तीन बाइट!
माझी आई काडेपेटीतली काडी उभी चिरायची,
तेव्हा तिचं तोंड अगदी असंच व्हायचं.

मार्चमध्ये एक मेलेलं मशीन उघडलं.
पाटीच्या कोपऱ्यात नेलपॉलिशचा ठिपका. हिरवा.
तपासनिसाची नजर चुकवून द्यायचो आम्ही असले;
माझा लाल.
हिरवा आयसा रॅट्रेचा.
माझ्या डाव्या हाताला बसायची, दातांनी वायर सोलायची,
माझ्या डब्यातलं चीज न विचारता खायची,
आणि त्र्याण्णवच्या संपात
मी फाटकाबाहेर शेकोटीपाशी होते,
ती आत जाणाऱ्या बसमध्ये.
मी जे ओरडले ते इथे लिहीत नाही.
अठ्ठेचाळीस के-मध्ये सहज मावेल,
तरी नाही.

तेव्हापासून दुकानात ती दिसली की मी रांग बदलते.

तर खेळ लिहायला घेतला.
काळा पडदा, सरकता पट्टा, एक लाल ठिपका, एक हिरवा.
जवळ आले की रंग नासायचे.
या मशीनचा हट्टच तो:
आठ बाय आठच्या घरात दोनच रंग नांदतात,
एक शाई, एक कागद.
काळ्यावर लाल बसला असेल तिथे हिरवा शिरला
की दोघांपैकी एकाला आपला रंग सोडावा लागतो.
डुगाल्ड म्हणाला, मध्ये आठ ठिपक्यांचं अंतर ठेव,
सगळे तेच करतात.
तीन आठवडे तेच केलं.

एका रात्री मशीनने खाली लिहिलं:
रिटर्न विदाउट गोसब.
न जाताच परत यायला निघालीस, असं काहीसं.
चूक माझीच, ओळ नऊशे चाळीस.
दुरुस्त केली. चहा केला. प्यायचा राहिला.

मग काळा काढूनच टाकला.
कागद हिरवा, शाई लाल.
एका घरात दोघी.
दिसायला भयंकर, डोळ्यांत खुपतं;
लॅक्लन म्हणतो, नाताळच्या भेटीचं वेष्टण वाटतं.
वाटू दे.

आता कॅसेटवर उतरवलंय.
आयसाकडे मशीन कुठलं असायला?
साध्या टेपवर लावेल,
शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज येईल, दोन मिनिटं.
पण भिंतीपलीकडच्या तपासणीच्या खोलीतून
हाच आवाज दिवसभर यायचा
आणि ती त्यावर ताल धरायची, सोल्डरच्या पेनने, टेबलावर.
ओळखेल.

पाकिटाला तिकीट लावून झालंय.
घर सतरा नंबरचं की एकोणीस,
तेवढं कुणाला तरी विचारायचं आहे.